मोटर जळेल म्हणाले, तरी पिशवी शिवली

आमच्या घरातला झाडू डॉक्टरांनी बंद केला.

माझे यजमान ओतकामाच्या कारखान्यात होते, चाकणच्या अलीकडे. तिथं वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओततात, गार झालं की साचा फोडतात. फोडताना जी धूळ उडते त्यातली दिसणारी अंगावर बसते आणि न दिसणारी छातीत जाते. यांच्या छातीत ती पंचवीस वर्षं जात राहिली. शिफ्ट करून घरी आले की केसांतून वाळू पडायची आणि आम्ही हसायचो. पन्नाशी ओलांडली तसे हे जिना चढून आल्यावर दारातच उभे राहायला लागले, चावी शोधतोय असं दाखवत. चावी हातातच असायची.

डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडावर धरला. मग म्हणाले, "गेलं ते परत येत नाही. राहिलंय ते सांभाळायचं. घरात झाडू मारायचा नाही, गाद्या झटकायच्या नाहीत. फरशी ओल्या फडक्यानं पुसा, गाद्यांना आणि सोफ्याला व्हॅक्युम क्लीनर लावा. आणि घ्याल तो पिशवीवालाच घ्या."

आम्ही घेतला. लाल रंगाचा, बुटका, खाली चाकं. त्याच्या पोटात कागदाची एक पिशवी बसते. सगळी धूळ त्या पिशवीत कोंडली जाते, आणि पिशवी भरली की तिचं तोंड बंद करून टाकून द्यायची. धूळ पुन्हा बघायलासुद्धा लागत नाही.

आम्ही चिखलीत राहतो, चौथ्या मजल्यावर. समोरच्या रस्त्याचं काम आम्ही राहायला आलो तेव्हापासून चालू आहे. एक बाजू पूर्ण होते, मग दुसरी बाजू खणतात. दिवसभर सिमेंटचे मिक्सर जातात. सकाळी पुसलेल्या खिडकीच्या कट्ट्यावर दुपारी बोटानं चित्र काढता येतं. अशा घरात ते लाल यंत्र म्हणजे यांच्या औषधाइतकंच गरजेचं होतं. सहा वर्षं मी ते एक दिवसाआड लावलं.

मग पिशव्या मिळेनाशा झाल्या. पिंपरीच्या बाजारात विचारलं, निगडीत विचारलं. सगळीकडे एकच उत्तर, "ते मॉडेल बंद झालं." शेवटची कागदी पिशवी मी तळाशी कापून रिकामी केली, दुमडून स्टेपलर मारला आणि पुन्हा वापरली. असं तीनदा केलं. चौथ्या वेळी ती यंत्राच्या पोटातच फाटली.

मुलगा सांगवीला राहतो, हिंजवडीत नोकरी करतो. त्याला कळलं तसा दोन दिवसांत नवा व्हॅक्युम क्लीनर घेऊन आला. चकचकीत, हलका, वायरसुद्धा नाही. पिशवीही नाही. धूळ एका पारदर्शक डब्यात जमा होते आणि बटण दाबलं की डब्याचं झाकण खाली उघडतं.

"आई, आता पिशवीची कटकटच नाही," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात मायाच होती. मीही खूश झाले. डॉक्टरांचं शेवटचं वाक्य दोघांच्याही डोक्यातून गेलं होतं.

चौथ्या दिवशी डबा भरला. मी तो गॅलरीत नेला, कचऱ्याच्या बादलीवर धरला आणि बटण दाबलं. झाकण फटकन उघडलं. त्याच वेळी खालून वारा आला आणि त्या डब्यातली चार दिवसांची पिठासारखी धूळ सरळ माझ्या तोंडावर, तिथून उघड्या दारातून हॉलमध्ये. हे आत टीव्हीसमोर बसले होते. मला आधी खोकला ऐकू आला, मग खोकला थांबल्याचं ऐकू आलं. ते थांबणं फार वाईट असतं. मी आत धावले तेव्हा यांचे दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर ताठ होते आणि ओठांचा रंग बदलला होता. औषधाची वाफ देण्याचं मशीन घरात होतं म्हणून निभावलं. अर्ध्या तासानं बोलण्याइतका श्वास आला तेव्हा हे एवढंच म्हणाले, "वारं उलटं आलं, तुझी चूक न्हाई."

संध्याकाळी मी मुलाला फोन केला. "तुझं मशीन चांगलं आहे, पण या घरात चालणार नाही. घेऊन जा."

"आई, मास्क लावून रिकामं करत जा ना. खाली नेऊन कर."

"दर चार दिवसांनी डबा उघडायचा, फिल्टर झटकायचा. एक दिवस मी विसरेन. एका दिवसात काय होतं ते मी आज बघितलं."

"मग काय करणार? जुन्याच्या पिशव्या मिळत नाहीत."

"मी शिवीन."

तो हसला. हसला म्हणून मला राग आला, आणि त्या रागानं पुढचं सगळं घडलं असं म्हटलं तरी चालेल.

मी चौदा वर्षं चाकणला मोटारींच्या सीटची कव्हरं शिवली आहेत. पहाटेच्या कंपनीच्या बसनं तळवड्यावरून जायचं आणि आठ तास जाड सुईच्या मशीनवर उभं राहायचं. सीटच्या बाजूला जिथं एअरबॅग असते तिथली शिवण वेगळी असते. अपघातात ती ठरलेल्या जोरानं उसवली पाहिजे, लवकर नाही आणि उशिरा नाही. तिचा धागा वेगळा, टाक्यांची लांबी ठरलेली, एक टाका चुकला तर अख्खं कव्हर बाद. माझ्या हातची कव्हरं क्वचित बाद व्हायची. मग लाइन दुसऱ्या राज्यात हलवली आणि आम्हा बायकांना थांबवलं. तेव्हापासून मी नातेवाइकांच्या बोलण्यात 'हल्ली घरीच असते' झाले. तर शिवण म्हणजे काय हे मला कोणी हसून सांगू नये.

दुसऱ्याच दिवशी फाटलेली कागदी पिशवी मी घडी-घडी उलगडली आणि टेबलावर सपाट केली. तिच्या तोंडाशी पुठ्ठ्याची चौकट होती, मध्ये गोल भोक, भोकाला रबराची कड. त्या चौकटीचं माप घेतलं. पुठ्ठ्याऐवजी तेलाच्या पाच लिटरच्या कॅनचं जाड प्लॅस्टिक कापलं. रबराची कड सायकलच्या जुन्या ट्यूबमधून काढली. पिशवीसाठी घरात मांजरपाट होतं, ते दुहेरी करून शिवलं. खालची बाजू उघडीच ठेवली. ती तीनदा दुमडायची आणि तिच्यावर वायरिंगचा प्लॅस्टिकचा पाइप उभा चिरून चिमट्यासारखा सरकवायचा. रिकामी करायची तेव्हा पाइप काढायचा. हा पाइपचा विचार माझा स्वतःचा होता, आणि सांगायला मला लाज वाटत नाही की त्या दिवशी मी दोनदा तो पाइप उगाचच काढून घालून बघितला.

यांना बेडरूममध्ये बसवलं, दार लावलं आणि यंत्र चालू केलं. जोरात ओढत होतं. मी खूश होऊन दार उघडणार तेवढ्यात आतून आवाज आला, "मागनं काय सोडतंय ते बघ आधी."

"कसं बघू?"

"पांढरा रुमाल भिजवून मागच्या जाळीवर धर."

यंत्राच्या मागं हवा बाहेर पडायची जाळी असते. मी ओला रुमाल तिच्यावर धरला आणि पाच मिनिटं गादीवर यंत्र फिरवलं. रुमाल काढला तर मधोमध वाटीएवढा राखाडी गोल. म्हणजे पुढून ओढलेली धूळ मागून बारीक होऊन घरातच येत होती. यांना तीच बारीक धूळ नको होती.

मी ती पिशवी उसवली आणि मुलाच्या जुन्या जीन्सची दुसरी शिवली. म्हटलं, कापड दाट आहे, काही सुटणार नाही. सुटलं नाही खरंच, पण हवाही सुटेना. यंत्र दम लागल्यासारखं ओरडायला लागलं, तापलं आणि बंद पडलं. दुसऱ्या दिवशीही चालू होईना.

मी ते रिक्षात घालून सर्व्हिस सेंटरला नेलं. काउंटरवर तिशीतला एक जण होता, गळ्यात ओळखपत्र, बोलणं गोड. त्यानं झाकण उघडलं, माझी जीन्सची पिशवी दोन बोटांत धरून बाहेर काढली आणि रांगेतल्या सगळ्यांना दिसेल अशी उंच केली.

"काकू, हे काय?"

"पिशवी. तुमच्याकडे मिळत नाही म्हणून शिवली."

"असे घरगुती प्रयोग नका करू. कापडी पिशवी लावली की मोटर जळणारच. हे आता गेलं. असंही मॉडेल बंद झालंय, एक्स्चेंजमध्ये द्या, नवीन छान आलेत."

"उघडून तरी बघा."

"बघायची गरज नाही, काकू. मी रोज बघतो हे."

त्यानं चिठ्ठी लिहिली. त्यावर होतं, 'ग्राहकाने चुकीची पिशवी वापरल्यामुळे मोटर निकामी.' मागे कोणीतरी हसलं. मी चिठ्ठी घेतली, पिशवी घेतली, यंत्र उचललं आणि बाहेर आले. रिक्षात बसल्यावर मी चिठ्ठी पुन्हा वाचली. रडू येत नव्हतं. मला एवढंच वाटत होतं की न उघडता यानं लिहिलं कसं? आमच्या लाइनवर न बघता कोणी शेरा मारला असता तर त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं.

यांनी चिठ्ठी वाचली. यंत्राला नाक लावून वास घेतला.

"मोटर जळली की वास येतो. वास कुठाय?" मग म्हणाले, "माझा स्क्रू ड्रायव्हर आण."

कामावरून सुटल्यापासून यांनी हत्यारांची पेटी उघडली नव्हती. त्या दिवशी उघडली. दोन मिनिटं काम, पाच मिनिटं श्वास, असं करत सगळी दुपार गेली. मोटर बाहेर काढून त्यांनी मला करंगळीच्या नखाएवढे दोन काळे तुकडे दाखवले. "हे कार्बन. फिरत्या मोटरला करंट ह्यांच्यातनं जातो. झिजून संपल्यात. सहा वर्षं चालल्यावर झिजणारच. तुझ्या पिशवीनं मशीन तापलं हे खरं, पण मोटर काय जळलेली न्हाई."

आकुर्डीत मोटरी भरून, म्हणजे आतली तार नव्यानं गुंडाळून देणारं एक दुकान आहे. तिथून मी तसलेच कार्बन आणले. हे बसवले, आणि यंत्र पहिल्या झटक्यात सुरू झालं. यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी बऱ्याच वर्षांत बघितलं नव्हतं.

"आता पिशवीचं बघू," हे म्हणाले. "कापड चुकतंय तुझं. विणलेलं कापड चालायचं न्हाई. फेल्ट पायजे, तंतू दाबून केलेलं."

मग त्यांनी मला जे सांगितलं ते लग्नाला तीस वर्षं होऊनही कधी सांगितलं नव्हतं. कारखान्यात धूळ ओढून घेणारी एक मोठी खोली असते. तिच्यात माणसापेक्षा उंच शंभरेक कापडी पिशव्या टांगलेल्या असतात. सगळ्या कारखान्याची धूळ त्या पिशव्यांनी गाळली जाते. यांचं काम त्याच खोलीचं. पिशवी फाटली की धूळ पुन्हा कारखान्यात येते, म्हणून फाटलेली लगेच बदलायची असते. पण बदलायची तर मशीन बंद ठेवावं लागतं, आणि मशीन बंद ठेवायला वर कोणी तयार नसायचं. "मग आमी आत जाऊन फाटकी पिशवी वरनं बांधून टाकायचो. तोंडाला रुमाल. ह्या महिन्यात बदलू, पुढच्या महिन्यात बदलू. किती वेळा आत गेलो त्याला मोजमाप न्हाई."

हे यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं, भाजी कुठून आणली ते सांगावं तसं. मी मात्र उठून स्वयंपाकघरात गेले आणि गॅसच्या ओट्याला धरून उभी राहिले. एवढा मोठा कारखाना, आणि एक पिशवी वेळेवर बदलता आली नाही. बाहेर आले तेव्हा माझं ठरलं होतं. जी पिशवी कारखान्यानं यांच्यासाठी बदलली नाही ती मी या घरात शिवणार, आणि हवी तेव्हा बदलणार. कोणाच्या मॉडेलला विचारून नाही.

त्या कारखान्याला फिल्टरच्या पिशव्या शिवून देणारे एक मुसलमान गृहस्थ होते. भोसरीत त्यांचं वर्कशॉप. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. यांच्याकडून पत्ता घेऊन मी गेले. पत्र्याची शेड, लांबलचक टेबलं आणि कापडाचे गठ्ठे. चाचा आता सत्तरीच्या पुढचे, पांढरी दाढी, डोळ्यांवर जाड चष्मा. यांचं नाव सांगितल्याबरोबर उठून उभे राहिले.

"तब्येत कशी आहे भाऊंची?"

मी सांगितलं.

"ताई, मी माल द्यायला जायचो ना, तेव्हा प्रत्येक वेळी बोलायचो, पिशव्या जमाना झाला बदलल्या नाहीत, आतल्या माणसांचा काही विचार करा. साहेब लोक बोलायचे, चाचा, तुम्ही माल विकायला बोलता." त्यांनी चष्मा काढून पुसला. "माल तर विकायचाच होता, खोटं कशाला बोलू. पण ते पण खरं होतं."

मग मी माझं काम सांगितलं. त्यांना वाटलं मी पिशवी शिवून घ्यायला आले. मी म्हटलं, शिवणार मीच, मला फक्त कापड आणि अक्कल हवी. ते मोठ्यानं हसले, पण ते हसणं वेगळं होतं. कापून उरलेल्या तुकड्यांचा ढीग त्यांनी माझ्यापुढे ओढला. घोंगडीसारखं दाट, पण विणलेलं नाही. एक बाजू केसाळ, दुसरी गुळगुळीत.

"गुळगुळीत बाजू धुळीकडे," ते म्हणाले. "आणि शिवण? सुईच्या भोकातून धूळ पळते ताई. आम्ही काय करतो माहीत आहे?"

"दोनदा दुमडून शिवता. कापड चार पदरी होतं, मग भोक सरळ बाहेर निघत नाही."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "कुठं शिकलात?"

"चाकणला. सीटची कव्हरं."

"मग मी काय शिकवणार," ते म्हणाले आणि तुकड्यांवर पॉलिस्टरच्या धाग्याची एक रीळ ठेवली.

घरच्या पायमशीनला मी अठरा नंबरची सुई लावली. चार पदर एकत्र आले की मशीन अडायचं, तेव्हा चाक हातानं फिरवून एक-एक टाका घातला. दोन दिवस लागले. फेल्टची पिशवी पूर्ण झाली ती अशी ताठ की टेबलावर आपोआप उभी राहिली. लावली, रुमाल धरला. गोल पुन्हा उमटला, पण आता फिकट, चहाच्या डागासारखा. मी खालीच बसले. फेल्ट आणलं, शिवण दुमडली, आता आणखी काय करायचं?

हे दाराच्या फटीतून रुमालाकडे बघत होते. "नवी हाय ना, म्हणून. कारखान्यात नव्या पिशवीला आधी चुन्याची पूड ओढायला लावायचो. पुडीचा थर बसला की मग बारीक धूळ अडती. घरात खडू हाय का?"

देवघरात रांगोळी होती, पण ती भरड. खडू मी खालच्या स्टेशनरीच्या दुकानातून आणले. खलबत्त्यात कुटले, चाळले आणि यंत्र गॅलरीत नेऊन ती भुकटी हळूहळू ओढून घेतली. दार घट्ट बंद. मग आत आणून ओला रुमाल धरला आणि गाद्या, सोफा, पडदे, सगळं घर केलं. रुमाल काढला. उलटा करून बघितला, खिडकीशी नेऊन बघितला. पांढरा होता. यंत्राला हात लावला, नेहमीइतकंच कोमट.

मी रुमाल यांच्या हातात दिला. यांनी तो घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "आता रिकामी कशी करायची ते सांग."

हे मी विचारात घेतलेलं होतं. भरलेली पिशवी काढायची ती तोंड दाबूनच, थेट पाण्यानं भरलेल्या बादलीत, आणि बादली गच्चीवर न्यायची. पाइपचा चिमटा पाण्याखाली काढायचा. धुळीचा चिखल होतो, चिखल उडत नाही. पिशवी धुऊन उन्हात दोन दिवस. पुन्हा लावायच्या आधी पुन्हा खडू. म्हणून एक नाही, चार पिशव्या. त्या आठवड्यात मी चारही शिवल्या.

मग मी यंत्र घेऊन सर्व्हिस सेंटरला गेले. हे म्हणाले, कशाला, चालू झालं ना. मुलगा फोनवर म्हणाला, आई, जाऊ दे ना. मी जाऊ दिलं नाही. तोच माणूस काउंटरवर होता. मी त्याच्यापुढे यंत्र ठेवलं आणि बाजूला त्याची चिठ्ठी.

"तुम्ही लिहिलंत मोटर निकामी. प्लग कुठं लावू?"

त्याला वाटलं मी एक्स्चेंजला आले. त्यानंच प्लग लावला. यंत्र सुरू झालं आणि तो चपापला. मी ओला रुमाल जाळीवर धरला आणि त्यांच्या दारातलं पायपुसणं स्वच्छ केलं. रांगेतल्या लोकांना जागा करून घ्यावी लागली. पायपुसण्याचा खालचा मूळ रंग वर आला. रुमाल मी काउंटरवर पसरला.

"ही कापडी पिशवी. मोटर गार आहे, हात लावून बघा. कार्बन झिजले होते, उघडलं असतं तर दिसलं असतं."

त्यानं हात लावला. चेहरा उतरला, पण बोलणं गोडच. "काकू, हे चांगलंय, पण मी ऑफिशियली कापडी पिशवी चालते असं लिहून नाही देऊ शकत."

"ते मी मागितलंच नाही. तुम्ही लिहिलंय ते खोटं आहे, ते खोडा."

"सिस्टीममध्ये गेलंय ते."

"ही सिस्टीम नाही, हा कागद आहे. पेन तुमच्या खिशात आहे."

मी हलले नाही. मागची माणसंही आता हसत नव्हती. एक आजोबा म्हणाले, "खोडा हो, बाईंचं बरोबर आहे." शेवटी त्यानं पेन काढलं, ती ओळ खोडली आणि खाली 'कार्बन झिजलेले' असं लिहिलं. सही केली. लिहिताना त्याचे कान लाल झाले होते. मला त्याची दयाही आली, कारण त्याला रोज काय बोलायला लावतात ते मला कळत होतं. पण दया आली म्हणून मी चिठ्ठी तिथं सोडली नाही.

मुलाला या सगळ्याचं अप्रूप वाटलं. रविवारी आला, पिशवी उलटसुलट करून बघितली आणि त्याच्या डोक्यात लगेच धंदा सुरू झाला. "आई, ऑनलाइन विकू. फोटो काढू, पेज करतो. अशी बंद पडलेली मॉडेल्स घराघरांत असतील." त्यानं नावसुद्धा काढलं होतं.

"नाही," मी म्हटलं.

"का पण?"

"कारण उद्या मी मेले की ही पिशवीसुद्धा बंद झालेलं मॉडेल होईल."

त्यानं पिशवी टेबलावर ठेवली. हे खुर्चीतून म्हणाले, "शिकव त्यापेक्षा. आमच्या खात्यातल्या निम्म्या लोकांची छाती माझ्यासारखीच हाय."

यांच्याबरोबरच्या माणसांच्या घरी मी स्वतः गेले. चिखली, मोशी, तळेगाव. तीच खुर्ची, तेच ताठ हात, दाराशी तेच चावी शोधणं. बायकांना मी सांगितलं, तुमच्या यंत्राची पिशवी घेऊन या, जुनी, फाटकी, कशीही, आणि घरात शिलाई मशीन असेल तर तेही आणा. पहिल्या रविवारी दोघी आल्या. आता सहा-सात असतात. चाचा तुकडे पाठवतात. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी गच्चीवर चिखल नको म्हणून तक्रार केली. मी त्यांना बादली दाखवली आणि गच्ची धुऊन दाखवली. ते पुन्हा नको म्हणाले, तेव्हा मी त्यांना यांच्या खोलीत नेऊन पाच मिनिटं बसवलं. त्यांनी यांचा श्वास ऐकला, आणि तक्रार पुन्हा आली नाही.

यांची छाती सुधारलेली नाही. हे लिहायलाच हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल फेल्टच्या पिशवीनं सगळं बरं झालं. गेल्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, आहे तिथंच आहे. यांच्यासारख्या माणसाला 'आहे तिथंच' मिळणं ही लहान गोष्ट नाही. आम्ही तो कागद घेऊन बाहेर आलो आणि समोरच्या गाडीवर दोघांनी भजी खाल्ली.

परवाच्या रविवारी मोशीची एक नवी बाई आली होती. तिचा नवरा यांच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, आणि त्याला आत्ताच दोन जिने चढवत नाहीत. तिनं आयुष्यात फक्त ब्लाउज शिवले होते. घाईघाईनं पिशवी पूर्ण केली आणि माझ्यापुढे धरली. "झाली बघा ताई."

मी शिवणीवरून बोट फिरवलं. एका कोपऱ्यात तिनं एकदाच दुमडून टाके मारले होते.

"इथून सुटेल. उसव."

"एवढ्याशानं काय होतंय?"

बेडरूमचं दार उघडं होतं, आतून यांचा खोकला येत होता. तिनं तिकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि कात्रीचं टोक टाक्याखाली घातलं.